माघारी न येणारी ओळ

मित्रांनो, कानांवर हात ठेवू नका. मी एक जुना, सुयांनी छापणारा प्रिंटर आहे आणि बोलायला लागलो की खर्रखर्र होणारच! आजकालचे प्रिंटर नव्या जावयासारखे दबक्या आवाजात काम करतात. मी सुरू झालो की शेजारच्या खोलीतला माणूस फोनवर ओरडायचा, "थांबा हो, प्रिंटर चालू आहे!" मला त्याचा राग यायचा नाही, उलट मोठा अभिमान वाटायचा.

माझ्या डोक्यात नऊ बारीक सुया आहेत. त्या शाईच्या रिबनीवर आपटतात आणि कागदावर अक्षर उमटतं. आपटतात म्हणूनच कार्बनच्या कागदावर मी एका दमात तीन प्रती काढतो. त्या दबक्या जावयांना हे सात जन्मांत जमायचं नाही. १९९४ साली मी नाशिकजवळच्या अंबडच्या एका कारखान्यात कामाला लागलो आणि सहा वर्षं हजेरीचे तक्ते छापले. मग कारखान्यात नवे प्रिंटर आले आणि मी दिंडोरीजवळच्या एका द्राक्षांच्या पॅकहाउसात आलो. तिथले मॅनेजर वाल्मीक अण्णा. त्यांनी स्वतःच्या पंच्यानं माझी धूळ पुसली, पहिलं पान पाहिलं आणि म्हणाले, "घोडा आहे घोडा!" त्यांच्या टेबलावर, त्यांच्या विंडोजच्या कॉम्प्युटरशेजारी मला जागा मिळाली.

२००३ सालच्या हंगामात त्या विंडोजमध्ये दोनदा व्हायरस शिरला आणि दोन्ही वेळा मालाच्या याद्या पुसून गेला. तेव्हा आमच्याकडे मालाच्या याद्या करणाऱ्या हर्षालीनं वेगळा कॉम्प्युटर लावू देण्याची अण्णांना गळ घातली. हर्षाली सिन्नरची, घरी भाजीचा मळा, पण पोरगी कॉम्प्युटर शिकलेली. तिनं पॅकिंगच्या शेडमध्ये एक दुसरा कॉम्प्युटर मांडला आणि त्यात विंडोजऐवजी लिनक्स घातलं, ज्याची खूण म्हणजे एक गुबगुबीत पेंग्विन. खिडकीतून वायर आणून ती अण्णांच्या कॉम्प्युटरला जोडली. आता यादी तयार व्हायची लिनक्सवर, ती अण्णांच्या विंडोजकडे यायची आणि विंडोजनं ती माझ्या हाती द्यायची. अण्णांनी मान डोलावली, पण बजावलंही, "हर्षाली, तुझ्या भरवशावर करतोय. हंगामात फजिती झाली तर तो पेंग्विनवाला डबा आणि तू, दोघं घरी."

पहिला परदेशी कंटेनर भरायचा तो दिवस मला अजून स्पष्ट आठवतो. दुपारी दोनला माल भरून झाला. आता वीस पानांची यादी हवी होती, तीही तीन प्रतींत आणि छापील. हाताची यादी खरेदीदाराला चालत नव्हती. ट्रक पाचच्या आत फाटकाबाहेर पडला नाही तर जहाज चुकणार होतं. कार्बनचे तीनपदरी कागद उरले होते चोवीस.

हर्षालीनं शेडमधून हुकूम सोडला. मी छापायला लागलो आणि पहिल्या तीन ओळींतच मला घाम फुटला.

मित्रांनो, ओळ संपली की मला दोन हुकूम लागतात. एक, "माघारी ये", म्हणजे डोकं डाव्या कडेला न्यायचं. दुसरा, "खाली उतर", म्हणजे कागद एक ओळ वर सरकवायचा. विंडोज दोन्ही सांगायचं. लिनक्सकडून आलेल्या यादीत मात्र एकच हुकूम होता, खाली उतर. मी हुकमाचा ताबेदार. ओळ जिथं संपली तिथूनच खालची सुरू केली, मग तिच्याही खालची. पानावर जिन्याच्या पायऱ्या उतरत गेल्या आणि पाचव्या ओळीपासून अक्षरं कागदाबाहेरच पडायला लागली. हे चुकतंय ते मला कळत होतं हो! पण मी ओरडून सांगणार कसं? मला तोंड म्हणून जे आहे, त्यातून तीच चूक खर्रखर्र बाहेर पडत होती.

चार पानं गेली तेव्हा अण्णांनी माझं बटण दाबलं. उरलेले वीसच कागद. "म्हातारा गेला वाटतं," ते म्हणाले. घोड्याचा म्हातारा व्हायला पाच मिनिटं पुरतात.

त्यांनी गावातल्या मेकॅनिकला बोलावलं. त्यानं मला उघडलं, फुंकर मारली, सुया पुसल्या आणि वायर काढून माझी माझ्यापुरती चाचणी घेतली. मी सरळ, सुबक छापलं. अण्णांनी विंडोजमधून एक पत्र छापून पाहिलं, तेही सरळ आलं. "प्रिंटर ठणठणीत आहे. रोग त्या नव्या डब्यात," असं म्हणून मेकॅनिकनं पिशवी उचलली.

साडेतीन वाजले. आता सगळ्यांचे डोळे हर्षालीवर. खराब झालेली पानं उलटी लावून तिनं पुन्हा पुन्हा छापून पाहिलं आणि दर वेळी जिनाच आला. यादी फ्लॉपीत भरून अण्णांच्या कॉम्प्युटरवर उघडली, तर सगळी पानं मिळून एक सलग ओळ दिसली, मधे मधे नुसते काळे चौकोन. बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.

"हर्षाली, मी संचालकांना काय तोंड दाखवू?" अण्णांचा आवाज चढला. "चाळीस घरांचा माल आहे त्या गाडीत!"

"अण्णा, यादी बरोबर आहे. एक आकडा चुकलेला नाही. छापताना काय होतंय तेच कळत नाहीये मला." तिचे डोळे भरून आले होते, पण खुर्ची तिनं सोडली नाही.

तेवढ्यात नवसाबाई दारात आल्या. त्या बायकांच्या टोळीच्या मुकादम. उद्याच्या पेट्या भरून झाल्या, बायकांना सोडू का, एवढंच विचारायला आल्या होत्या. अक्षरओळख नाही, पण वीस वर्षं खुरपणीच्या पाती सांभाळलेल्या. खुरपताना प्रत्येक बाईच्या वाट्याला जो पट्टा येतो, ती तिची पात. टेबलावरचं एक पान उचलून त्यांनी लांब धरलं आणि खुदकन हसल्या.

"अगं पोरी, हे तर नव्या बाईनं पात धरल्यावानी झालंय!"

"म्हणजे कसं, मावशी?"

"आपल्यात पात सरली का बांधावरून माघारी यायचं, न् मग खालची पात धरायची. नवी बाई काय करती? जिथं सरली तिथंच खाली बसती न् फुडं खुरपत ऱ्हाती. हितं बी तेच हाय. खाली उतर म्हनलंय हिला, माघारी ये कुनी म्हनलंच नाय."

माझ्या नऊच्या नऊ सुया शहारल्या. जे मी दोन तास सांगू पाहत होतो, ते या बाईनं एका नजरेत वाचलं होतं!

हर्षालीनं ते पान ओढून घेतलं. "माघारी..." एवढंच म्हणाली आणि शेडकडे धावली. लिनक्सवरून निघणाऱ्या प्रत्येक ओळीच्या शेवटी तिनं माझा तो हरवलेला हुकूम जोडला. चार वाजून बारा मिनिटांनी तिनं खिडकीतून आवाज दिला, "अण्णा, चांगले कागद लावा!"

"वीसच आहेत गं," अण्णा म्हणाले. "एक जरी वाया गेला..."

"लावा."

पहिली ओळ संपली. आणि हुकूम आला, माघारी ये! मी असा काही डावीकडे धावलो की टेबल हललं. दुसरी ओळ पहिलीच्या बरोब्बर खाली उतरली. अण्णांनी डोळे मिटून हात जोडले, माझ्यापुढे की नवसाबाईंपुढे ते मला दिसलं नाही. तेराव्या पानाला कागद तिरका ओढला जायला लागला, तेव्हा नवसाबाईंनी तो दोन्ही हातांनी सरळ धरला आणि शेवटपर्यंत सोडला नाही. चार वाजून बावन्न मिनिटांनी विसावं पान फाडलं गेलं आणि ट्रक फाटकाबाहेर पडला.

अण्णा बराच वेळ खाकरले. मग म्हणाले, "तुझा पेंग्विन राहू दे. तूही राहा."

"नवसामावशींनी शोधलं, अण्णा. मी नाही," हर्षाली म्हणाली, सगळ्यांसमोर.

पुढे अण्णा निवृत्त झाले आणि हर्षाली मॅनेजर झाली. एका हंगामात नवसाबाई टोळीबरोबर आल्या नाहीत. गुडघे गेले म्हणून नव्या मुकादमानं त्यांना घरीच ठेवलं होतं. कळलं त्याच दिवशी हर्षालीनं जीप पाठवली आणि पेट्यांवर लेबलं लावायच्या टेबलापाशी खुर्ची मांडली. जीपमधून उतरताना नवसाबाई म्हणाल्या, "माघारी बोलावलंस गं पोरी."

मी मात्र क्रेटच्या खोलीत आहे. २००८ साली एक यादी छापता छापता, नेमकी ओळीच्या शेवटी, वीज गेली. वीज आली तेव्हा टेबलावर नवा प्रिंटर बसला होता. नवसाबाईंना, म्हणजे माणसाला आधी माघारी बोलावलं ते बरोबरच झालं, माझी तक्रार नाही. फक्त एक सांगतो, मित्रांनो. कोणाचं काम वेडंवाकडं व्हायला लागलं तर त्याला लगेच मोडीत काढू नका. तुम्ही त्याला शेवटचं काय सांगितलं होतं आणि काय सांगायचं राहिलं, ते आधी आठवून बघा.

माझं डोकं अजून उजव्या कडेलाच उभं आहे. ओळ संपलेली आहे. सुया गंजल्या नसाव्यात, असं मला वाटतं. मला फक्त तो एक हुकूम हवाय.