हरीण थबकलं तिथे पाप

गल्लीत मुंगीला शिरायला जागा नव्हती. पुढे हरीण, त्यामागे पांढऱ्या झग्यातले हरीणबाबा आणि बाबांच्या मागे अख्खं गाव. हरीण ज्या गोठ्याच्या दाराशी थबकेल त्या घरात पाप दडलेलं, हे आता शेंबड्या पोरालाही पाठ झालं होतं. मग हरीण रात्रभर त्या गोठ्यात राहायचं आणि अर्धं पाप पिऊन जायचं. उरलेलं दोनेक महिन्यांत गाईच्या लघवीतून लालभडक होऊन बाहेर पडायचं. अशी गाय आश्रमाला देऊन टाकायची. भाकीत कधी चुकलं नव्हतं. आश्रमाचा गोठाही तुडुंब भरला होता.

गुरांची डॉक्टरीण दवाखान्यातून परतली, तर गर्दी तिच्याच दाराशी. हरीण गोठ्याची चौकट मन लावून चाटत होतं. सासूबाईंचा चेहरा पांढराफटक.

"पाप म्हणजे धूर, माई," बाबा डोळे मिटून म्हणाले. "झाकला म्हणून लपत नाही. या मुक्या जिवाला त्याचा वास येतो."

"आमच्याकडे कसलं आलंय पाप," सासूबाई पुटपुटल्या आणि हळूच सुनेकडे बघून घेतलं.

हरीण गोठ्यात बांधून बाबा गेले. गर्दी पांगली. डॉक्टरणीने चौकटीला जीभ लावली.

"अगं, तुझ्या अंगात काय शिरलंय?"

"चाटून बघा, आई."

सासूबाईंनी गल्लीचा कानोसा घेतला आणि चाटलं. "खारट लागतंय."

"काल मंतरलेलं पाणी शिंपडायला कोण आलं होतं?"

"बाबांचा चेला." पण सासूबाई हार मानणाऱ्यातल्या नव्हत्या. "हरीण मिठाला भुललं असेल. पण गाई लाल मुततात, त्या काय मिठाने?"

प्रश्न बिनतोड होता. डॉक्टरणीलाही तोच छळत होता. आजारी गाईंचं रक्त तिने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं होतं. तांबड्या पेशींत जंतू बसलेले. हा जंतू गोचीड चावल्याने शिरतो, तेही तिला ठाऊक होतं. पण या गाई कधी रानात गेल्याच नव्हत्या. मग रानातलं दुखणं बंद गोठ्यात आलं कसं? ती हरणाजवळ बसली आणि त्याचा कान उलटून पाहिला. आतून गोचिडींनी लगडलेला होता.

तिने गाय परसात हलवली आणि गोठ्यात पांढऱ्या चादरी अंथरल्या.

"माझ्या लग्नातली चादर आहे ती," सासूबाई म्हणाल्या.

"धुऊन देते."

सकाळी गाव पुन्हा जमलं. शिंपीणकाकू रडवेली होऊन उभी होती. तिची गाय कालपासून लाल मुतत होती आणि आज आश्रमात जायची होती. डॉक्टरणीने बाबांना आदराने खुर्ची दिली. खुर्चीवरची गादी तिने मिठाच्या पाण्यात बुचकळून वाळवली होती, पण पुरती नाही. बाबा बसले, पापावर बोलले, झगा सावरून उठले. इतक्यात तिने हरीण सोडलं. ते सरळ बाबांकडे गेलं आणि त्यांचा झगा मागून चाटू लागलं. बाबा सरकले, हरीणही सरकलं.

मागच्यांनी बघायला टाचा उंचावल्या.

"माझं पुण्य चाटतंय ते," बाबा म्हणाले.

"मग आमच्या चौकटीचंही पुण्यच असेल की," सासूबाई म्हणाल्या.

शिंपीणकाकू डोळे पुसता पुसता फसकन हसली, आणि मग कुणालाच आवरेना.

हसू ओसरल्यावर डॉक्टरणीने चादर बाहेर आणली. तिच्यावर एरंडाच्या बियांसारख्या टम्म गोचिडी वळवळत होत्या.

"गोचिडी तर गुरांना असतातच," गवळी म्हणाला. "त्याने गाय मरते होय?"

"नुसत्या गोचिडीने नाही, तिच्या पोटातल्या जंतूने. हरीण रानात चरतं, तेव्हा ती त्याच्या अंगावर चढून रक्त पिते. हरणाला काही होत नाही, त्याचं अंग जंतूला सरावलेलं. फुगलेली मादी गळून भिंतीच्या फटीत अंडी घालते. जंतू अंड्यांतही उतरतो. महिन्याभराने राईहून बारीक पिल्लं निघतात आणि गाईला चिकटतात."

"रानात चरणाऱ्या माझ्या गाईंना तर काही होत नाही."

"त्यांना वासरपणीच तो आजार हलका होऊन गेलेला असतो. गोठ्यात वाढलेल्यांना तो झेपत नाही. बाबांचं हरीण तुझ्या हडकुळ्या गाईंपाशी कधी थांबलं?"

"एकदाही नाही," गवळी म्हणाला.

"पण आश्रमात गाई बऱ्या होतात," शिंपीणकाकू म्हणाली.

"जगतात त्या दिसतात, काकू. मेलेल्या कुणी पाहिल्यात?"

सगळ्यांनी उत्तरासाठी बाबांकडे पाहिलं. बाबा तोवर गल्लीच्या टोकाला पोचले होते, हरणाशिवाय.

शिंपीणकाकूच्या गाईला त्याच दिवशी इंजेक्शन दिलं. आठवडाभर ती मान टाकून पडली होती, मग एका सकाळी उठून तिने टोपलीतला चारा फस्त केला. पलीकडच्या सुताराने मात्र दुखणं लपवलं. त्याची गाय हाती लागली नाही. हरणाच्या गोचिडी काढून त्याला वनखात्याच्या स्वाधीन केलं. त्या बिचाऱ्याचा यात काही दोष नव्हता.

गोठ्यांच्या फटी बुजवायला गाव जमलं, तेव्हा डॉक्टरीण एवढंच बोलली, "गोचीड बोटांनी चिरडू नका, तिची दुखणी माणसालाही लागतात. जनावराला ताप आला तर आधी दवाखान्यात या. आणि चमत्कार पाहून कंबर वाकलीच, तर वाकू द्या. पण वाकलात की जमिनीवर काय पडलंय, तेही बघून घ्या."