‘आणि’च्या पुढचं वाक्य

चाळिशी उलटून गेली तरी ती घरात ‘बेबी’च राहिली, कारण ती शेंडेफळ. चष्म्याच्या दुकानात ती काउंटर सांभाळायची. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम नीट बसतेय का ते बघायची, कानामागच्या काड्या गरम करून वाकवायची, आणि दुपारी दुकान थंडावलं की मागच्या खोलीत काचा घासायच्या मशीनशेजारी कथा लिहीत बसायची. कथा जायच्या तशाच परत यायच्या. ‘साभार परत’ हे शब्द दिसले की तिचं डोकं फिरायचं. परत पाठवताय ते पाठवा, वर आभार कसले मानता?

अखेर एका मासिकानं तिची एक कथा घेतली. बहीण-भावाचा कित्येक वर्षांचा अबोला, बहीण आईवडलांच्या घरात एकटी, आणि शेवटी एके दिवशी भाऊ दारात उभा, अशी ती कथा. शेवटावर तर बेबीनं जिवाचं रान केलं होतं.

अंक आला तो तिनं नवऱ्याच्या हातून हिसकावूनच घेतला. उभ्या उभ्या शेवटचं पान काढलं. ‘तिनं कडी काढली आणि’ एवढ्यावर कथा थांबली होती. खाली कंबरदुखीच्या तेलाची जाहिरात. बेबीनं पान उलटलं. पुढे शब्दकोडं होतं.

तिनं संपादकांना फोन लावला.

“अहो, जाहिरात ऐनवेळी आली,” संपादक म्हणाले. “जागा कुठून आणायची? तुमचे शेवटचे दोन परिच्छेद अर्ध्या वाक्यापासून तोडावे लागले. घाईत पूर्णविराम द्यायचाही राहिला. पण काय शेवट झालाय हो!”

“पण तो शेवटच नाहीये.”

“तेच तर म्हणतोय मी!”

बेबीनं कपाळाला हात लावला. संध्याकाळी ताईचा फोन. बेबीची कथा पहिल्या पानापुढे कधी न वाचलेली ही थोरली बहीण.

“बेबे, अंगावर काटा आला गं! तो ‘आणि’! कसं सुचलं तुला?”

“मला नाही सुचलं. तेलवाल्याला सुचलं.”

“पुरे झाला विनय,” ताई म्हणाली आणि अजून बराच वेळ कौतुक करत राहिली. बेबी ऐकत राहिली. हेच ऐकायला तिचे कान आसुसलेले होते, आणि आता ऐकताना तोंड कडू होत होतं.

वाचनालयातल्या मंडळानं तिला बोलवलं. विषय ‘कथेचा शेवट’. बेबीनं ठरवलं, आता सोक्षमोक्षच लावायचा. माइकसमोर उभं राहून तिनं खरं काय झालं ते सांगितलं आणि गाळलेले दोन्ही परिच्छेद खणखणीत वाचले. मग पुढच्या रांगेतले निवृत्त प्राध्यापक उठले.

“बाई, राग मानू नका. छापलेलंच बरं आहे. यात तुम्ही आम्हाला हाताला धरून अगदी घरापर्यंत सोडताय.”

लोक हसले. बेबीही हसली, दात विचकून.

परतताना नवरा स्कूटर चालवत होता, मागे बेबीचा पट्टा चालू होता. प्राध्यापक, संपादक, तेल, कुणालाही तिनं सोडलं नाही. मग तिच्या लक्षात आलं, नवरा हूं की चूं करत नाहीये.

“तू का गप्प?”

“मला नको विचारूस.”

“विचारतेय मी.”

“मलाही छापलेलाच आवडला.”

“थांबव गाडी.”

ती उतरली आणि तरातरा चालायला लागली. नवरा बाजूनं हळूहळू स्कूटर चालवत आला. “अगं, हेल्मेट तरी काढ!” येणारेजाणारे बघत होते. तिनं काढलं नाही. तशीच घरापर्यंत गेली.

दुसऱ्या दिवशी मागच्या खोलीत तिनं ते दोन परिच्छेद पुन्हा वाचले. भाऊ दारात उभा राहून अर्धं पान माफी मागत होता, आणि तीही अशी, जणू सत्काराला उत्तर देतोय. प्राध्यापकांचं बरोबर होतं. हेच तिला जास्त झोंबलं. पण सगळंच काही भाषण नव्हतं. मधेच कुठेतरी भाऊ विचारत होता, ‘बूट इथेच काढू का?’ ज्या घरात तो रांगला, त्याच घरात. पाहुण्यासारखं. बेबी त्या ओळीशी थांबली. तिनं आजूबाजूचं सगळं खोडलं. उरलं ते एवढंच: ‘तिनं कडी काढली आणि भावानं विचारलं, बूट इथेच काढू का?’ आता कुठे कथा संपली होती, आणि ती दाखवायला कोणी नव्हतं.

तिनं पुन्हा फोन केला. एकच वाक्य छापा म्हणून गळ घातली. संपादक कुरकुरले, पण पुढच्या अंकात चूकदुरुस्तीत टाकतो म्हणाले.

टाकलंही. ‘गेल्या अंकातील “कुंडीतले टोमॅटो” या लेखाच्या अखेरीस पुढील वाक्य वाचावे: आणि भावानं विचारलं, बूट इथेच काढू का?’

बेबीनं अंक कोचावर भिरकावला. नवऱ्यानं उचलून वाचला. त्याचे खांदे हलायला लागले.

“हसलास तर बघ!”

तो स्वयंपाकघरात पळाला. तिथून नळ सोडल्याचा आवाज आला, तरी हसणं लपलं नाही. बेबीला मात्र हसू आलं नाही. रात्री जेवतानाही आलं नाही.

संपादकांना तिनं फोन केला नाही. करून सांगणार काय? दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान थंडावल्यावर ती मागच्या खोलीत गेली, कोरे कागद काढले आणि चरफडतच नवी कथा सुरू केली. राग पहिल्या पानभर पसरला होता, वाक्यावाक्यातून दिसत होता. ते पान तिनं टराटरा फाडलं. दुसरं घेतलं. दोन ओळी बऱ्या उतरल्या, तोच बाहेर काउंटरवरून कुणीतरी हाका मारायला लागलं.