पुरती किल्ली

मी एक काळी, लाखेची तबकडी बोलतेय. एका उर्दू प्रेमपटातलं गाणं माझ्या अंगावर कोरलेलं आहे. घरच्यांनी लग्न दुसरीकडे ठरवलेली हवेलीतली मुलगी ते गाते.

कलकत्त्याच्या कारखान्यात माझा जन्म झाला. पन्नास सालानंतर बंगळूरला, चामराजपेटेतल्या सुधींद्ररावांच्या घरी आले. घराणं मराठी, पण पिढ्यान्‌पिढ्या इथेच मुरलेलं. सुधींद्ररावांना घरात सगळे अप्पा म्हणत. त्यांच्या वडिलांच्या हातून एकदा पुरती किल्ली देताना ग्रामोफोनची स्प्रिंग तुटली होती. तेव्हापासून या घरात किल्ली अर्धीच द्यायची, असा शिरस्ता पडला.

त्यामुळे माझी रोज फजिती व्हायची. सुरुवात झोकात, आणि शेवटच्या कडव्याला जोर संपून आवाज जड व्हायचा, खाली बसायचा. मी शरमेने काळीठिक्कर पडायचे. पण मी मुळातच काळी, कुणाला कळणार?

अप्पांची लेक वसुमती माझ्याजवळ बसून गाणं शिकली. उर्दूचा एकेक उच्चार तिने घोटून घेतला आणि माझं ते खाली बसणंही इमानेइतबारे उचललं. "बिचारी शेवटी थकते गं," असं ती मला कुरवाळत म्हणायची. मला आतून तुटायला व्हायचं.

एका वर्षी गणेशोत्सवात मराठी मंडळाचा गाण्यांचा कार्यक्रम ठरला. विमान कारखान्यातले इंजिनिअर उमाकांत गायक निवडत होते. माणूस पुण्याचा, बंगळुरात नवा. वसुमती गेली आणि डोळे लाल करून परत आली.

"हार्मोनियम होती तिथेच राहिली, मी खाली आले. सगळे हसले, अप्पा. मी म्हटलं, तबकडी अशीच गाते. तर ते म्हणतात, सॉरी, तबकडी कधी बेसूर होते का!"

अपराध माझ्या आवाजाचा आणि बोलणी तिला. मी खोक्यात पडून चरफडत होते.

पण पोरगी हट्टाला पेटली. थिएटरात जाऊन तिने तो सिनेमा पाहिला आणि चपला काढायच्या आधीच ओरडली, "अप्पा, ती थकत नाही! सगळे समजावून दमतात, आणि ही सूर चढवून सांगते की त्याच्यासाठी दार मी उघडंच ठेवणार. पुरती किल्ली देऊन बघू या."

"स्वल्प थांब, वसू. स्प्रिंग तुटली म्हणजे?"

"तुटली तर तुटू दे. मला हे गाणं म्हणायचंय."

तिने किल्ली फिरवली, रोजच्या जागी न थांबता, पार अडेपर्यंत. स्प्रिंग करकरली. अप्पांनी डोळे मिटून घेतले.

आणि या घरात पहिल्यांदा मी शेवटचं कडवं माझ्या खऱ्या आवाजात गायले. काय सांगू, मला स्वतःलाच भरून आलं! वसुमती ऐकताना ताठ बसली होती. सुई थांबली तेव्हा अप्पा म्हणाले, "सरी, ठीक आहे. परत लाव." आणि किल्ली त्यांनी स्वतः दिली, पुरती.

आठवडाभर बापलेकीने मला उसंत दिली नाही. मग वसुमती बसवनगुडीला उमाकांतांच्या दारात जाऊन उभी राहिली. नावं ठरून गेली होती. "फक्त शेवटचं कडवं ऐका," म्हणाली. घरी येऊन तिने अप्पांना एवढंच सांगितलं, "हार्मोनियमला धरून गायले. घेतलं मला."

गणपतीत मी घरीच होते. मांडवातल्या कर्ण्यातून तिचा आवाज गल्ली ओलांडून आला. शेवटचं कडवं चढलं, तसे ओट्यावर बसलेले अप्पा उठून उभे राहिले. त्यांना मांडवात जायचा धीर झाला नव्हता.

आता एकोणीसशे साठचं दशकही संपत आलं. वसुमती सासरी, बसवनगुडीत उमाकांतांच्याच घरी असते. ग्रामोफोन आणि मी तिच्याबरोबर गेलो. घर बदलताना माझा काठ फुटला. सुई काठावरून आत शिरते, म्हणून गेली ती सुरुवात.

परवा तिच्या लेकीने, नयनाने, मला लावलं. सुई जरा आत टेकवावी लागली.

"आई, याचा आरंभच नाहीये!"

"शेवट आहे ना? किल्ली पुरती दे."

वाचकहो, माझंही मागणं तेवढंच. स्प्रिंगची काळजी करत बसू नका. पोरीने किल्ली दिली, आणि मी गायले.