पंखावरचं ठिगळ

लालबागच्या नाक्यावर माझा फोटो स्टुडिओ आहे आणि सीतारामच्या पेन्सिलीची सर कुणाला नाही, हे मीच सांगतो, कारण दुसरं कुणी सांगत नाही. निगेटिव्हच्या काचेवर बारीक टोकाची पेन्सिल फिरवली, की देवीचे व्रण, सुरकुत्या, कपाळावरच्या आठ्या, सगळं छापात नाहीसं होतं. त्या पेन्सिलीनं कितीतरी लग्नं जुळवली आहेत. गिऱ्हाइकाला यातलं अक्षरही सांगायचं नाही, हा धंद्याचा दंडक. फोटो बघून माणूस समजतो, आपण मुळातच देखणे.

त्या साली, म्हणजे एकोणसाठ साली, आमच्या चाळीत बायकांसाठी शिवणवर्ग निघायचा होता आणि शिकवायला बाई हवी होती. चाळीतलीच बकुळाबाई, चेहऱ्यावर देवीचे व्रण, गिरणीत सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात होती. लढाईच्या दिवसांत तिनं जुहूच्या एका शेडमध्ये विमानांच्या लाकडी पंखांवर चढवायचं कापड शिवलं होतं. हे चाळीत कुणालाच पटत नसे. "विमान काय परकर आहे शिवायला?" असं म्हणून लोक पंधरा वर्षं तिला हसत आले होते. मीही हसलो होतो, खोटं कशाला बोलू?

वर्गाचे चिटणीस अप्पा. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यात ओरडून त्यांचा घसा कायमचा बसलेला, पण त्या बसक्या आवाजातही त्यांनी बकुळाबाईला सुनावलं, "बाई, सर्टिफिकेट आणा. नायतर दादरहून सर्टिफिकेटवाली येतेय, रविवारी संध्याकाळी ठरवून टाकू."

सर्टिफिकेट कुठून आणणार? लढाई संपली, शेडचा साहेब विलायतेला गेला. गिरणीत बारा वर्षं उभं राहून तिचे पाय सुजत आणि हातातली कला वाया चाललेली. तिला तो वर्ग अगदी मनापासून हवा होता.

त्याच रविवारी जुहूला विमानांच्या कसरती होत्या आणि जुनी विमानं मांडणार होते. सकाळीच बकुळाबाई माझ्या दारात.

"सीतारामभाऊ, कॅमेरा घ्या. त्यात माझं एखादं असेल."

मी तिपाई, काळं कापड आणि सहा काचा घेऊन निघालो. त्यातल्या पाच मी आभाळात घालवल्या. माझा कॅमेरा बसलेल्या गिऱ्हाइकांना सरावलेला. कापडाखालून डोकं बाहेर काढीपर्यंत विमान वर्सोव्यापलीकडे पोचलेलं असायचं. एकदा तर सवयीनं मी वर बघून "हलू नका" असं ओरडलो. आजूबाजूची माणसं पोट धरून हसली.

"भाऊ, उडणाऱ्यांचा नाद सोडा," बकुळाबाई म्हणाली. "आपलं बसलेलं बघू."

मांडलेल्या विमानांत एक दुमजली पंखांचं, रुपेरी रंगाचं विमान होतं. आता ते उडत नव्हतं. ती दोरीखालून वाकून थेट खालच्या पंखाशी गेली आणि तिथंच थांबली. एका जागी रंग उडाला होता. खाली तळहाताएवढं ठिगळ आणि काळ्या दोऱ्याचे बारीक टाके दिसत होते.

"मी डावखुरी," ती म्हणाली. "बाकीच्या सगळ्यांचे टाके एका अंगाला कलायचे, माझे उलट्या. साहेब खेकसायचा, पण टाका कधी उसवला नाय." आणि तिचे डोळे भरून आले. मला माझ्या पंधरा वर्षांच्या हसण्याची लाज वाटली.

खाकीतला पहारेकरी धावत आला. तिनं त्याला ठिगळ दाखवलं, आपला डावा हात दाखवला. त्यानं दोरी वर धरली आणि मला म्हणाला, "जल्दी करो, भाई." शेवटची काच मी तिच्यावर खर्च केली. ती पंखाशी उभी, बोट टाक्यांवर.

दुपारी काच धुतली, वाळवली आणि छापण्याआधी नेहमीसारखा पेन्सिल घेऊन बसलो. हात आपला चालत होता, डोक्यात उद्याचे पासपोर्ट फोटो. संध्याकाळी वर्गाची कमिटी बसलीच होती, बकुळाबाईचं आपल्या डावखुऱ्या, उलट्या टाक्यांचं सांगूनही झालं होतं, म्हणून ओला छाप तसाच घेऊन धावलो.

अप्पांनी तो दिव्याखाली धरला. मग भिंग मागवलं.

"बाई बोट कशावर ठेवून उभ्या आहेत?" ते म्हणाले. "टाका कुठाय?"

पंख आरशासारखा गुळगुळीत होता. सगळी कमिटी हसली. बकुळाबाईनं फोटो पाहिला आणि माझ्याकडे पाहिलं.

गप्प बसलो असतो तर धंदा वाचला असता. मी उभा राहिलो. "टाके होते. मी पुसले. डाग दिसला की माझी पेन्सिल चालते."

"उगाच बाईला वाचवू नका," अप्पा म्हणाले. "फोटोतलं असं कुठं पुसलं जातं?"

"अप्पा, तुमच्या घरात तुमचा फोटो टांगलाय. त्यात गालावरचा मस कुठाय?"

अप्पांचा हात गालावर गेला. कमिटीतला एकेक जण आपापला फोटो आठवू लागला. कुणी हसेना.

मी सगळ्यांना स्टुडिओत नेलं. कापसावर टर्पेंटाइन घेऊन काचेवरची पेन्सिल पुसली आणि पुन्हा छापलं. लाल दिव्यात, परातीतल्या औषधाच्या पाण्याखाली ठिगळ हळूहळू वर आलं, टाक्याटाक्यानं. अप्पांनी बकुळाबाईनं स्वतः हातानं शिवलेल्या पोलक्याची शिवण पाहिली, भिंग फोटोवर नेलं, परत पोलक्यावर आणलं. दोन्हीकडचे टाके उलट्याच अंगाला कललेले.

"सोमवारपासून वर्ग," ते म्हणाले. "दादरवाल्या बाईंना मी निरोप धाडतो."

माणसं पांगली. बकुळाबाई मात्र फोटो हातात घेऊन तशीच उभी होती. टर्पेंटाइननं मी पेन्सिल पुसली होती ती फक्त पंखावरची. छापात तिच्या चेहऱ्यावर देवीचा एकही व्रण नव्हता, गाल तुळतुळीत.

"आवडला ना?" मी विचारलं.

"भाऊ, चेहऱ्यावरची पण पेन्सिल पुसा," ती म्हणाली. "नायतर लोक म्हणतील, टाके खरे, पण बाई कुणी दुसरीच."