अस्वलाचं प्रोफाइल

दादाने टीव्हीला लावायची ती काळी डबी आणली, तेव्हा घरात वीज पहिल्यांदाच आल्यासारखा थाट होता. "आता जगातला कुठलाही सिनेमा, हवा तेव्हा!" तो म्हणाला.

आईने लगेच विचारलं, "आमचा लग्नानंतरचा पहिला सिनेमा आहे का रे त्यात?"

होता. आईचा त्याचा फक्त शेवट बघायचा राहिला होता. बाबांना आयुष्यभर एकच धास्ती, सुटताना दारात गर्दी होते. म्हणून ते प्रत्येक सिनेमातून शेवटाआधी उठतात आणि आईलाही उठवतात. त्या नायिकेचं पुढे काय झालं, हा प्रश्न आईने माझ्या जन्माआधीपासून जपून ठेवलाय.

पण आधी प्रोफाइलं करायची होती. डबीत पाच जणांची सोय. दादा, वहिनी, बाबा, मी, आणि पाचवं दादाच्या लेकीचं, अस्वलाचं चित्र असलेलं. जागा संपल्यावर लक्षात आलं की घरात माणसं सहा आहेत.

"आई, तू अस्वलात बघ ना," दादा मोठ्या उदारपणे म्हणाला.

अस्वलात सगळा बाळगोपाळांचा कारभार. आईने सिनेमा शोधला की पडद्यावर यायचं, 'हे तुझ्यासाठी नाही. घरातल्या मोठ्यांना बोलाव.' नातवंड असलेली बाई चष्मा सावरून ते वाचायची आणि मोठ्यांना हाक मारायची. मोठे म्हणजे दादा. तो मीटिंगमध्ये असायचा.

एकदा तिने बाबांचं प्रोफाइल उघडलं. मोठ्यांच्या प्रोफाइलांत त्यालाच तेवढं कुलूप नव्हतं, कारण बाबांना पिन आठवत नाही. थोडा सिनेमा बघून ती स्वयंपाकाला उठली. दुसऱ्या दिवशी डबीने बाबांना राजकीय चर्चांऐवजी हुंदक्यांचे सिनेमे सुचवले आणि बाबांचं डोकं फिरलं.

"माझ्यात हे रडके सिनेमे कोणी घुसवले? लोक काय म्हणतील?"

आमच्या टीव्हीत लोक कशाला डोकावतील, हे त्यांना विचारायची सोय नव्हती. आईला तिथेही बंदी झाली. मला बाबांचा भयंकर राग आला.

"माझं वापर," मी आईला म्हटलं.

"नको. उद्या तूही ओरडशील," ती म्हणाली. "त्यापेक्षा प्रोफाइल काढून कसं टाकतात, ते दाखव."

दाखवलं.

संध्याकाळी बाबा फिरायला गेले. डबीने विचारलं, 'बाबा' कायमचं काढून टाकायचं का? भाजी निवडताना एकेक पान उलटून बघणाऱ्या आईने झटकन 'होय' दाबलं. मग डबीने नव्या प्रोफाइलचं नाव विचारलं. तिने 'आई' लिहिलं नाही, 'आजी'ही नाही. एकेक अक्षर शोधत स्वतःचं नाव लिहिलं.

सिनेमा अगदी शेवटाला आला आणि बाबा परतले. त्यांच्या चर्चेची वेळ झाली होती. त्यांनी रिमोट उचलला, सिनेमा बंद केला आणि प्रोफाइलांच्या रांगेत स्वतःला शोधू लागले.

"माझं कुठाय? आणि ही बाई कोण?"

लग्नापासून 'अगं' एवढ्याच हाकेवर संसार केलेल्या माणसाला ते नाव कुठून आठवणार?

आईने त्यांच्या हातातून रिमोट काढून घेतला. सिनेमा थांबला होता तिथून पुन्हा सुरू झाला.

"ती मी," ती म्हणाली. "बसा खाली. शेवट होईपर्यंत कोणी उठायचं नाही. चर्चा उद्यापासून अस्वलात बघा. नाहीच लागली, तर घरातल्या मोठ्यांना बोलवा."

बाबा बसले. त्या सिनेमाचा शेवट त्यांनीही तेव्हाच पहिल्यांदा पाहिला.