सोड्यात उकळलेला सदरा

“बाईसाब, ह्या सदऱ्याला पानी लावू नका,” असं बाबाजानने जाताना दोनदा बजावलं होतं. लिडिया ‘बरं बरं’ म्हणाली आणि तिने दार लोटून घेतलं.

सांगणारा कोण, तर नगरच्या छावणीत साहेबलोकांची कुत्री सांभाळण्यात तीस वर्षं घालवलेला म्हातारा. ऐकणारी कोण, तर पुण्याहून बी.ए. होऊन आलेली, आरोग्यशास्त्राचं पुस्तक उशाशी ठेवून झोपणारी, पहिल्याच लेकराची आई. पोरीची दुधाची वाटी ती उकळत्या पाण्यातून तीनतीनदा काढायची. नवरा कृपादान मिशनच्या शाळेत मास्तर. तो थट्टेने म्हणायचा, “लिडिया, एक दिवस मलाही उकळून घेशील तू.” अशा बाईला मळका खाकी सदरा धुऊ नका म्हणणं म्हणजे मांजराला दुधाकडे बघू नकोस म्हणण्यातलाच प्रकार.

सदरा बाबाजानचा होता आणि घरात होता तो सीझरसाठी.

सीझर ग्रेट डेन जातीचा. उभा राहिला की त्याची पाठ लिडियाच्या कमरेला लागायची. कृपादान संध्याकाळी ज्या गोऱ्या मेजरला मराठी शिकवायला जायचा, त्याचा हा कुत्रा. लढाई संपली, पंचेचाळीसच्या दिवाळीनंतर मेजर विलायतेला निघाला. एवढं धूड बोटीवर कोण घेणार? त्याने कुत्र्याला गोळी घालायचा हुकूम सोडला आणि हुकूम झाला तो नेमका बाबाजानला. म्हातारा सीझरची साखळी धरून थेट मिशनच्या आवारात येऊन उभा राहिला.

“मुन्शीजी, माझ्या हातानं हे व्हायचं न्हाई. तुमचं साहेब ऐकतो. तुमी बोला.”

कृपादान बोलला. साहेबाने खांदे उडवले. कुत्रा व्हरांड्यात आला.

“अहो, घरात चार महिन्यांची पोर, आणि तुम्ही वाघ आणून बांधलात!” लिडियाने त्या दिवशी कपाळावर हात मारला होता. पण बाबाजान रोज सकाळ-संध्याकाळ यायचा, आणि त्याचं काम बघता बघता तिची भीती कधी ओसरली ते तिलाही कळलं नाही. तो आधी कानात डोकवायचा, मग पंजे उलटे करून बोटांच्या बेचक्यात काटा-कुसळ शोधायचा. पेंढा भरलेल्या दोन गोणपाटांची गादी रोज झटकायचा, कारण एवढ्या वजनाचं जनावर फरशीवर निजलं तर कोपरांना घट्टे पडून पुढे चिघळतात. खाणं दोन वेळा, थोडं थोडं, आणि तेही स्टुलावर ठेवून.

“खाल्ल्यावर तासभर हलू द्यायचं न्हाई बगा,” तो सांगायचा. “मोठ्या कुत्र्याचं पोट म्हंजी टांगलेली मोट. भरल्या पोटी उड्या मारल्या की पीळ पडतो आन् खेळ खलास. कर्नल साहेबाची कुत्री अशीच गेल्ती, माझ्या मांडीवर.”

आणि सदरा. कुत्र्याची लाळ लागलेल्या कपड्यावर नमाज पढता येत नाही, म्हणून बाबाजान सीझरच्या कामाचा सदरा वेगळा ठेवायचा. आला की अंगातला काढून तो चढवायचा. काम झालं की तो व्हरांड्यातल्या खुंटीला टांगायचा, नळावर कोपरापर्यंत हात धुवायचा आणि आपल्या स्वच्छ कपड्यात तिसऱ्या प्रहरच्या, अस्रच्या नमाजाला जायचा. खुंटीवरच्या सदऱ्याखाली सीझर नाक वर करून पडून राहायचा.

लिडियाची पोर रोझी रांगायला लागली तशी ती त्याच्याच पायांतून रांगू लागली. कान धरून उभी राहायला शिकली ती त्याच्याच. तो एवढा मोठा, पण ती जवळ आली की शेपूट आवरून धरायचा. त्या शेपटीच्या एका फटक्याने पितळी तांब्या लांब उडायचा, हे त्याला कुणी न सांगता ठाऊक होतं.

मग फेब्रुवारीत बाबाजानला खोकला लागला.

पंधरा दिवस गेले, महिना गेला. खोकल्याची उबळ आली की म्हातारा खांबाला धरून वाकायचा. लिडिया खिडकीतून बघायची आणि पुस्तकातलं क्षयाचं प्रकरण तिला पाठ असल्यासारखं आठवायचं. शेवटी एका सकाळी तिने त्याला पायरीवरच थांबवलं. “बाबाजान, दवाखान्यात छाती दाखवून या. डॉक्टर म्हणेपर्यंत... घरात लहान मूल आहे हो.”

म्हाताऱ्याने डोक्यावरची टोपी सारखी केली. रागावला असता तर बरं झालं असतं. “बरुबर हाय तुमचं,” म्हणाला. “पोर तुमची हाय. माजी लेक मुमताज बोलावतीच हाय घोडेगावला. जातो तिकडं.” मग त्याने खुंटीवरचा सदरा काढला, सीझरच्या गादीवर पसरला आणि पाणी लावू नका असं बजावून गेला.

सीझर दोन दिवस फाटकाशी बसला. तिसऱ्या दिवशी सदऱ्यावर येऊन निजला आणि खायला लागला. बघा, जनावर ते, विसरलं, असं लिडिया म्हणाली. दीड महिना सगळं सुरळीत चाललं. ती स्वतः त्याचे कान बघायची, पंजे बघायची, स्टुलावर भाकरी-रस्सा ठेवायची, आणि तासभर त्याच्याशेजारी विणकाम घेऊन बसायची, म्हणजे तो उठायचा नाही. त्या दुपारी तिला आवडू लागल्या होत्या.

आणि एप्रिलमधल्या एका सकाळी तिने पाहिलं, तर रोझी सीझरच्या गादीवर बसली होती आणि सदऱ्याची बाही तोंडात घालून चघळत होती.

लिडियाच्या काळजात लक्कन झालं. तो खोकला, ती लाळ, ती बाही! तिने पोरीचं तोंड धुतलं, पुन्हा धुतलं; मग चुलीवर पातेलं चढवून सदरा धुण्याच्या सोड्यात घातला आणि तासभर खळखळा उकळला. उन्हात वाळवला. संध्याकाळी घडी करून पुन्हा गादीवर ठेवला. आपण किती समंजसपणे वागलो याचं तिला समाधानही वाटलं.

सीझरने सदरा हुंगला. उलटा केला, पुन्हा हुंगला. मग गादी सोडून कडेला उघड्या फरशीवर जाऊन पडला.

त्या रात्री तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. लिडियाने खिमा शिजवला, दुधात भाकरी कुस्करली, नळीच्या हाडाचं सूप केलं. तो तोंड फिरवायचा. चौथ्या दिवशी गुरांच्या दवाखान्यातले आप्पासाहेब आले. त्यांनी हिरड्या बघितल्या, मांडीच्या आतल्या बाजूला नाडी धरली, पोट दाबून पाहिलं.

“ताप नाही. पोट मऊ आहे. काही झालेलं नाही याला.”

“मग खात का नाही?”

“ते मला काय विचारता, बाई? गुरं खात नाहीत तेव्हा कारण पोटात असतं.” आप्पासाहेबांनी चष्मा पुसला. “एवढं मात्र सांगतो, एवढ्या मोठ्या जातीचं कुत्रं लौकर म्हातारं होतं. हा आठ वर्षांचा म्हणजे सत्तरीचा म्हणायचा. उपास याला झेपायचा नाही. आठवडाभरात खाल्लं नाही, तर मला पुन्हा बोलावू नका.”

ते गेल्यावर लिडियाने तो सदरा नाकाशी धरला. साबण-सोड्याचा स्वच्छ वास. दुसरं काहीही नाही. म्हाताऱ्याने आपल्यामागे जे ठेवलं होतं तेच नेमकं तिने उकळून गटारात ओतलं होतं. ती व्हरांड्यात बसली आणि घळाघळा रडली. कृपादान शाळेतून आला, त्याने विचारलं काय झालं, तर म्हणाली, “मी त्याचा माणूस धुऊन टाकला हो.”

शनिवारी शाळेला सुट्टी. घोडेगावला जाणाऱ्या सर्व्हिस मोटारीत सीझरला कुणी घेईना. शेवटी कडबा उतरवून रिकामी परतणारी गोरक्षनाथची लॉरी मिळाली.

“मास्तर, हे कुत्रं हाय का शिंगरू?” गोरक्षनाथने डोळे वटारले. “बाजारात उभं केलं तर बोली लागंल ह्याच्यावर.”

“चावत नाही हो.”

“न चावणाऱ्याचंच लई भ्याव वाटतं. बसा.”

तिघांनी मिळून सीझरला वर चढवलं. उडी मारायचं बळ त्याच्यात उरलं नव्हतं. लिडिया मागेच बसली, मांडीवर रोझी, गुडघ्यावर त्याचं जड डोकं. वाटेत जेऊरच्या पुढे धुरळा उडायला लागला तेव्हा तिने आपला पदर दोघांच्याही नाकावर ओढला.

मुमताजचं घर गुरांच्या बाजाराच्या कडेला, निंबाखाली. बाबाजान बाजेवर बसला होता. अंगाने निम्मा राहिला होता. सीझरला लॉरीतून उतरवलं. तो धावला नाही. मागचे पाय आखडलेले, एकेक पाऊल टाकत तो गेला आणि त्याने आपली हनुवटी म्हाताऱ्याच्या टोपीवर ठेवली. मग नुसता उभा राहिला. दोघांतलं कुणीच हललं नाही.

बऱ्याच वेळाने टोपीखालून आवाज आला. “वाळवलं की हो ह्याला, बाईसाब.”

“माझं चुकलं, बाबा. मी सदरा धुतला.”

“सोड्यात?”

“सोड्यात.”

बाबाजान हसायला लागला, आणि हसता हसता त्याला उबळ आली. त्याने चटकन तोंड भिंतीकडे फिरवलं, हाताने रोझीला लांब न्या, लांब न्या असं खुणावलं. उबळ ओसरल्यावर मुमताजला म्हणाला, “पोरीला वाऱ्याच्या अंगाला बसव. बाईसाबला भ्याव वाटतं. आन् वाटायलाच पायजे, आई हाय ती.”

लिडियाला त्या शब्दांनी जितकं लागलं तितकं शिवीने लागलं नसतं.

मुमताजने ज्वारीची भाकरी आणि कालवण आणलं. स्टूल नव्हतं, म्हणून बाबाजानने पाटी पालथी घातली, तिच्यावर परात ठेवली, आणि पहिला घास स्वतःच्या हाताने दिला. सीझरने खाल्ला. दुसराही खाल्ला. “बास,” म्हातारा म्हणाला, “उपाशी पोटाला एकदम द्यायचं न्हाई. सांजच्याला पुन्ना.” आणि आठ दिवसांत पहिल्यांदा सीझर पोट भरल्यासारखा सुस्कारा टाकून बाजेखाली आडवा झाला.

कृपादानने लिडियाकडे पाहिलं.  सीझर इथेच राहणार, हे ठरून गेलं होतं. त्यांना नगरला परत सोडायचं कबूल केलेला गोरक्षनाथ भोंगा वाजवत होता. लिडियाने गोणपाटाची गादी लॉरीतून उतरवली आणि बाजेशेजारी अंथरली. सीझरने मान उचलून तिचा हात चाटला. तिने हात पुसला नाही. निघताना ती बाबाजानला एवढंच म्हणाली, “नगरच्या दवाखान्यात या. मी स्वतः तुम्हाला डॉक्टरांकडे नेते.”

“येतो की. ह्याचं अंग जरा भरू द्या. ह्याला टाकून कसा येऊ?”

परतीच्या वाटेवर रोझी लॉरीच्या फळीवर हात आपटत कडबा सांडलेल्या जागेकडे बघत होती. “शी... शी...” म्हणत होती. सीझरच्या नावातलं तिला तेवढंच येत होतं.

ती आता चालते. व्हरांड्यात आली की भिंतीच्या त्या कोपऱ्याशी थांबते, हात वर करते, आणि धरायला कान नाही म्हणून मटकन खाली बसते. दुपारी जेवणं झाली की लिडिया सवयीने विणकाम घेऊन बाहेर येते. तासभर बसते. कुणाला उठू द्यायचं नाही म्हणून ती बसली आहे, हे तिच्या मागाहून लक्षात येतं. तरी ती उठत नाही.

तिने घोडेगावला दोन पत्रं टाकली. त्या घरात वाचणारं कुणी नाही, हे ठाऊक असून टाकली. पावसाळा आला तसा लॉरीवाला गोरक्षनाथ श्रीगोंद्याच्या बाजूला गेला. लिडियाला सातवा महिना लागला आहे. डॉक्टरीणबाईंनी गाडीचे हिसके बसतील तिथे जायचं नाही म्हणून ताकीद दिली आहे, आणि या खेपेला तिने ताकीद ऐकली आहे. कृपादान जाऊन येतो म्हणतो, पण शाळेच्या परीक्षा त्याला सोडत नाहीत. म्हातारा दवाखान्यात आलेला नाही. सप्टेंबर अर्धा संपला.

त्यांच्या चर्चच्या मंडळीत जे साप्ताहिक येतं त्याच्या शेवटच्या पानावर वाचकांची पत्रं छापतात. लिडियाने काल तिथे हे लिहून पाठवलं:

‘आपल्या वाचकांपैकी कुणी घोडेगावच्या बाजाराला जाणार असेल, तर बाजाराच्या कडेला निंबाखाली मुमताजचं घर विचारा. तिथे बाबाजान नावाचे वृद्ध गृहस्थ आहेत. त्यांच्याजवळ वासराएवढा कुत्रा असेल. भिऊ नका, तो काही करत नाही. कुत्र्याच्या कोपरांना घट्टे पडलेत का, तो नीट खातो का, हे जमलं तर बघा. पण आधी म्हाताऱ्याकडे बघा. त्यांना धाप लागते का, अंगात तापाची कसर राहते का, खोकल्यातून रक्त पडतं का, हे ते स्वतः सांगणार नाहीत. मुमताजला बाजूला घेऊन विचारा. नगरला दवाखान्यात चला म्हणा. नाही म्हणतील. मग सांगा, कुत्र्यालाही बरोबर आणा, व्हरांड्यात जागा झाडून ठेवली आहे, आणि त्यांनाही पायरीवर कुणी थांबवणार नाही. काय दिसलं ते मला दोन ओळींनी कळवा. वाईट असलं तरी कळवा. पण कृपा करून जाऊन या.’