पहिलं विरजण

माझ्या दादाची दूध-दह्याची डेअरी होती आणि जिभेला हाड नव्हतं. वहिनीनं देवाला हात जोडले की हा सुरू. "दह्याला विरजण लागतं. विरजण म्हणजे कालचं दही, त्याला परवाचं. मग सगळ्यात पहिलं विरजण आलं कुठून?"

"देवानं लावलं," वहिनी म्हणायची.

"आणि देवाला कुणी लावलं? अगं, हे विश्व आपोआप लागलेलं दही आहे. कुणी चमचा घातला नाही."

चाळीस वर्षं हेच! मी दादाच्याच बाजूची, पण माझेसुद्धा कान किटले होते.

शेवटच्या आजारपणात त्यानं पैज लावली. "मी गेल्यावर बरणी कडकडीत पाण्यानं धू. उकळलेलं दूध ओत, विरजण घालू नकोस. पलीकडे काही असेल तर मी दही लावून दाखवीन. नाही लागलं, तर मी कुठेच नाही असं समज."

असं कुणी बायकोला सांगून जातं का?

तो गेला. वहिनी रोज सकाळी डेअरीच्या मागच्या खोलीत चिनी मातीच्या बरणीत दूध ठेवायची आणि संध्याकाळी झाकण काढायची. रोज नासकं. ते मोरीत ओतून उपाशीच झोपायची. महिन्याभरात तिची हाडं वर आली. मला बघवेना. एका सकाळी तिची पाठ वळल्यावर मी गुपचूप चमचाभर विरजण घातलं. फसवणूक तर फसवणूक, माणूस जगलं पाहिजे.

संध्याकाळी दही लागलं होतं. वहिनीनं बरणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. त्या रात्री दोन घास जेवली.

दुसऱ्या दिवशी तिनं बरणी झाकली, खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. "वन्सं, आज तुम्हीच सांभाळा."

मी म्हटलं, एकदा केलं ते पुरे. आत पाऊलही टाकलं नाही. किल्ली दिवसभर कमरेला होती.

संध्याकाळी आम्ही दोघींनी झाकण काढलं. बरणी गळ्यापर्यंत भरलेली, दही घट्ट, पांढरंशुभ्र.

"वहिनी, काल मीच घातलं होतं गं विरजण. पण आज नाही. तुझी शपथ!"

"ठाऊक आहे कालचं. बरणीच्या काठाला विरजणाचा थेंब दिसला मला." ती बरणीकडेच बघत होती. "म्हणून आज मी दूध ओतलंच नव्हतं. म्हटलं, बघू तुम्ही काय करता. कोरडी बरणी झाकून ठेवली होती मी."

खोलीला खिडकी नव्हती. दार एकच. मी बरणीला हात लावला, तर कोमट.

वहिनीनं चमचा उचलला. "नको गं!" म्हणून मी तिचा हात धरला, तिनं सोडवून घेतला. एक घास घेतला, डोळे मिटले. किती आशेनं मिटले होते! मग चमचा हळूच खाली ठेवला.

"चाळीस वर्षं खाल्लंय मी. हे ह्यांच्या हातचं नाही."

"मग कुणाच्या हातचं?"

ती हुंदके देऊन रडायला लागली. "पहिलं विरजण कुणी लावलं ते मला कुठे हवं होतं, वन्सं? मला माझा माणूस हवा होता."

मी तिला जवळ घेतलं आणि दुसऱ्या हातानं घाईघाईनं बरणीवर झाकण ठेवायला गेले. ते बसेना. दही काठाच्या वर आलं होतं.